गोव्याच्या दमट हवेत अजगरांसाठी रॅक

सापांच्या रॅकचा, म्हणजे साप ठेवलेले डबे खणांसारखे सरकवायच्या मांडणीचा, कुठलाही परदेशी नकाशा बघा, त्यात सगळी धडपड ऊब कोंडून ठेवण्याची असते. तिन्ही बाजूंनी बंद लाकडी खोकं, मागे गरम पट्टी, पुढून घट्ट बसणारे डबे. बाहेर बर्फ पडत असेल तर ते बरोबरच. आमचं घर फोंडा तालुक्यात, चिऱ्याचं. जुलैत चपलांवर बुरशी धरते, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो आणि मे महिन्यात दुपारी खोलीत ३४ अंश असतात. इथल्या रॅकला ऊब धरण्यापेक्षा हवा खेळती ठेवणं जास्त जमायला हवं. गोव्यात किंवा खाली-वर कोकणपट्टीत कोणी असा रॅक करायच्या विचारात असेल, तर उपयोगी पडेल म्हणून सगळं झालं तसं लिहिते आहे.

आमच्याकडे बॉल पायथन जातीचे तीन अजगर आहेत. २०१८ साली पुण्याच्या एका मित्राकडून आले. दोन माद्या, एक नर. मोठी मादी चार फुटांच्या जवळपास आहे. सासूबाई तिला ‘बाय’ म्हणतात, बाकी दोघांना अजून नावं मिळालेली नाहीत.

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण ती नसतील तर बाकीच्याला अर्थ नाही. आपल्या रानातला अजगर, नाग, धामण घरात पाळणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. त्यात ‘पण मी नीट सांभाळतो’ ही सबब चालत नाही. बॉल पायथन आफ्रिकेतला, साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मधला. जून २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वतःहून माहिती देण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली होती, तेव्हा मी तिघांची माहिती दिली. पुढे २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि साइट्स यादीतल्या प्राण्यांसाठी वेगळं प्रकरणच आलं. त्याखालचे नोंदणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला निघाले. आधीपासून प्राणी असलेल्यांना नोंदणीसाठी पुन्हा सहा महिने होते, अर्ज परिवेश २.० या पोर्टलवरून. मी जुलैत अर्ज भरला. ओळखपत्र, २०२० चा कागद, प्रत्येक सापाचे वरून आणि बाजूने काढलेले स्पष्ट फोटो असं सगळं आधीच एका फोल्डरमध्ये लहान आकारात करून ठेवलं, त्यामुळे भरायला फार वेळ गेला नाही. काही शंका होत्या म्हणून पणजीला आल्तिनोवर वनभवनात जाऊन आले. जाताना सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती घेऊन जा, आणि पोच मिळाली की तिचा फोटो मोबाईलमध्येही ठेवा. नोंदणी झाली म्हणजे सुटलो असंही नसतं. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा दगावला तर तेही कळवावं लागतं. कलम ४९एम त्याच्यासाठीच आहे. म्हणून नर वेगळा राहणं आमच्यासाठी केवळ सोयीचं नव्हतं.

तोवर तिघंही काचेच्या टाक्यांत होती. टाकी जड, धुवायची म्हटली की दोन माणसं लागतात, आणि पावसाळ्यात काचेच्या आतून पाणी ओघळतं. शिवाय बॉल पायथन मुळात उंदरांच्या आणि वाळवीच्या वारुळांच्या बिळांत राहणारा प्राणी. चारी बाजूंनी पारदर्शक घरात तो दिवसभर लपायच्या डब्यातच बसून असतो. मार्च २०२५ मध्ये रॅक करायचं ठरवलं.

यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. रॅक म्हणजे सापांचं गोदाम, त्यात त्यांना सरळ लांब होता येत नाही, असा आक्षेप घेतला जातो. पैदास करणारे लोक पुस्तकाएवढ्या डब्यात मोठा साप ठेवतात तेव्हा तो आक्षेप शंभर टक्के खरा असतो. मी डबा मिळेल तेवढा मोठा घ्यायचा आणि तिघांनाही आलटून पालटून संध्याकाळी जुन्या मोठ्या टाकीत फांद्यांवर सोडायचं, असं ठरवलं. झाडावर चढणाऱ्या सापांसाठी मात्र मी रॅक करणार नाही.

सुरुवात डब्यांपासून करायची. आधी रॅक आणि मग त्यात बसणारा डबा शोधणं म्हणजे आधी चौकट बसवून मग दार शोधत फिरण्यासारखं आहे. बेडखाली सरकवायचे, चाकं असलेले चपटे डबे मिळतात, तेच उपयोगाचे. फोंड्याच्या बाजारात लहान आकार मिळाले, हवा तो शेवटी मडगावला मिळाला: काठासकट ७९ बाय ४६ सेंटिमीटर, चाकं काढल्यावर उंची १८. एक डबा ८५० रुपये. मला चार कप्पे हवे होते (तीन साप आणि एक रिकामा, आजारी पडलं तर वेगळं ठेवायला), पण मी सहा डबे घेतले. कंपन्या साचा बदलतात, आणि दोन वर्षांनी एक डबा तडकला तर त्याच मापाचा मिळेल याची खात्री नसते. घेताना सगळे एकमेकांत घालून बघा. एकाच छापाच्या डब्यांतही काठाला दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघतो, आणि इथे तेवढ्याच फटीचा खेळ आहे.

खेळ असा: या रॅकमधल्या डब्यांना झाकण नसतं. डबा फळीवर सरकत आत जातो आणि वरची फळीच त्याचं झाकण होते. डब्याचा काठ आणि वरची फळी यांत दोन-तीन मिलिमीटर फट राहिली पाहिजे. जास्त राहिली तर साप नाक घालून उचकटतो, आणि मोठ्या पायथनच्या मानेत भलतीच ताकद असते. कमी राहिली तर डबा अडकतो.

आता फळी कशाची? आमचे मेस्त, म्हणजे सुतार, म्हणाले मरीन प्लाय, आयएस ७१० मानकाचा, वरून लॅमिनेट, मग काही बघायला नको. चांगला सल्ला होता. पण मेस्तांना मी विचारलं की कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं यांतून ओल शिरली तर? ते म्हणाले, “बाई, ओल कोणाच्या बापाचं ऐकत नाही.” शिवाय प्लायमधला गोंद आणि वरचं पॉलिश यांचा वास पूर्ण जायला आठवडे लागतात, आणि सापांची फुप्फुसं अशा वाफांना नाजूक असतात. वाळवीचं औषध मारणं तर प्रश्नच नाही. पार्टिकल बोर्डाचं नावही काढू नका. आमच्या हवेत ते एका पावसाळ्यात पाव भिजल्यासारखं फुगतं.

म्हणून मी १८ मिलिमीटरचा पीव्हीसी फोम बोर्ड घेतला, ज्याचे हल्ली स्वयंपाकघराचे कप्पे करतात. पाणी पीत नाही, वाळवी लागत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतो. त्याचा दोष मेस्तांनीच दाखवला: कडेत स्क्रू मारला तर तो धरून राहत नाही, दोन वर्षांत हलायला लागतो. मग सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा करायचं ठरलं, आणि काम मेस्तांकडून खिडक्या बनवणाऱ्या सेक्शनवाल्याकडे गेलं. मेस्तांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं असावं. पेट्या कशासाठी आहेत हे कळल्यापासून ते अंगणातूनच बोलत होते.

मोजमाप सांगते. फळी ५२ बाय ८४ सेंटिमीटर, अशा पाच. आठ बाय चार फुटांच्या एका शीटमध्ये त्या पाचही बसतात, फक्त पाचवी आडवी फिरवून कापायची. उरलेल्या पट्ट्यांतून डब्यांना मागे थांबवणारे अडसर निघतात. फळीच्या दोन्ही लांब कडांखाली २५ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम अँगल, तो चार उभ्या चौकोनी पाइपांना रिव्हेट केलेला. दोन अँगलच्या मध्ये ४७ सेंटिमीटर उरतात, त्यात ४६ चा डबा मोकळा सरकतो. पाय २० सेंटिमीटर, सगळी उंची मीटरभर. बाजू आणि पाठ पूर्ण उघडी. परदेशी नकाशांपासून मी इथेच फारकत घेतली: डबा स्वतःच बंद आहे, मग त्याच्याभोवती आणखी खोकं कशाला?

शीट एप्रिलअखेर घरी आली, ३,१०० रुपयांना. सेक्शनवाला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येणार होता. २०२५ ला पाऊस मे महिन्यातच आला, हे गोव्यात कोणी विसरलं नसेल. त्याची अर्धवट राहिलेली बाहेरची कामं अंगावर आली, त्यात कामगार गावी गेलेले, आणि माझं काम मागे पडत गेलं. जूनमध्ये फोन केला तर जुलै, जुलैत केला तर “आता चवथ होऊन जाऊ दे.” चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी गोव्यात कोणाकडून काही करून घेण्याचा हट्ट धरू नये. रंगारी, सुतार, वायरमन सगळ्यांना तेव्हाच मागणी, आणि ज्यांना नाही ते स्वतःच्या घरची माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधत असतात. मी चिडले होते, खोटं कशाला सांगू. शीट पडवीत उभी, डबे पलंगाखाली, आणि टाक्यांच्या काचांवर पाणी.

ते तीन महिने मी भोकांवर घालवले, आणि रॅकमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच ठरलं. तीनशे-साडेतीनशे रुपयांना तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, तशी तीन घेतली. आधी ती एका डब्यात ठेवून एकसारखे आकडे देतात का ते बघायचं. माझ्या एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा चार टक्के जास्त यायचा, तो लिहून ठेवला. मग एका डब्याला भोकांची एक ओळ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. प्रत्येकात पाण्याची वाटी आणि वर्तमानपत्र, वर फळीचा तुकडा. जुलैच्या भर पावसात खोलीतच ८८ टक्के आर्द्रता होती. एक ओळीच्या डब्यात काटा ९५ च्या खाली येईना. तीन ओळींच्या डब्यात खोलीएवढीच राहिली. बॉल पायथनला साधारण ५५ ते ६५ टक्के लागतात, कात टाकताना थोडी जास्त चालते. सतत ओलं अंथरूण राहिलं की पोटाचे खवले सडतात आणि छातीत कफ होतो.

म्हणजे भोकं कितीही पाडली तरी खोलीपेक्षा कोरडं होणार नाही. मग उपाय सापडला तो शाळेतल्या विज्ञानाचा. हवा गरम केली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण तिची पाणी धरायची ताकद वाढते, म्हणून सापेक्ष आर्द्रता उतरते. २७ अंशांची ८८ टक्के दमट हवा ३१ अंशांवर नेली की ती ७० टक्क्यांवर येते. डब्याच्या एका टोकाला हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावून बघितली आणि त्या टोकाला आकडा खरंच ७१-७२ वर आला. आमच्याकडे पावसाळ्यात मॅट लावायची ती सापाला ऊब म्हणून कमी आणि अंथरूण कोरडं राहावं म्हणून जास्त. पाण्याची वाटीही पावसाळ्यात लहान केली आणि थंड टोकाला सरकवली.

भोकं पाडायला ड्रिलपेक्षा सोल्डरिंग आयर्न बरी. ड्रिलने हा प्लास्टिकचा डबा तडकू शकतो. करायचंच तर मागे लाकडाचा ठोकळा धरा. आयर्न आतून बाहेर खुपसायची, म्हणजे वितळलेली खरखरीत कड बाहेर राहते आणि सापाचं नाक सोललं जात नाही. धूर घाणेरडा असतो, म्हणून काम पडवीत, तोंडाला मास्क लावून. मोठ्या सापांना पाच-सहा मिलिमीटरची भोकं चालतात. पिल्लं असतील तर त्याच्या निम्मी.

अंथरुणाचंही याच काळात ठरलं. गोव्यात नारळाच्या सोडणांना तोटा नाही, त्यामुळे परसातली सोडणं कुटून वापरायचा मोह होतो. त्यांतून मुंग्या आणि बारीक किडे येतात. वापरायची तर उकळून, कडक उन्हात वाळवून, आणि तीही ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात साधं वर्तमानपत्रच.

चवथ २७ ऑगस्टला झाली. दीड दिवसाचा गणपती पोचवून सेक्शनवाला खरोखर पुढच्या आठवड्यात आला, आणि आल्यावर सगळा सांगाडा दोन दिवसांत उभा केला. सामान आणि मजुरी मिळून ४,२०० रुपये. रिव्हेट मारण्याआधी प्रत्येक कप्प्यात प्रत्यक्ष डबा घालून, काठावर जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून उंची धरायला लावली. टेपवर मोजून हे जमत नाही. मागे चार सेंटिमीटरवर अडसर, पुढे प्रत्येक डब्यासमोर फिरणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, म्हणजे आतून ढकललं तरी डबा सरकत नाही.

विजेचं काम वायरमनकडूनच करून घ्या. प्रत्येक कप्प्याच्या फळीवर मागच्या तिसऱ्या भागात २० वॉटची एक हीट मॅट, तिच्याखाली अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी, म्हणजे उष्णता एका जागी साचत नाही. पीव्हीसी बोर्ड साठ-सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडतो, त्यामुळे हे महत्त्वाचं. चार मॅट म्हणजे ८० वॉट, एका जुन्या बल्बएवढा खर्च. नियंत्रणाला एसटीसी-१००० जातीचा डिजिटल कंट्रोलर घेतला, साधारण ७०० रुपये. त्याचा सेन्सर डब्यात टाकायचा नाही, मॅट आणि डब्याचा तळ यांच्या मध्ये चिकटवायचा. डब्यात टाकला तर साप तो हलवतो किंवा वाटीतलं पाणी त्यावर सांडतं, आणि मॅट तापतच राहते. अशा कंट्रोलरचा रिले (आतला स्विच) कधीतरी ‘चालू’ स्थितीत चिकटू शकतो. म्हणून दुसरा तसाच कंट्रोलर त्याच्या मागोमाग एकाच ओळीत जोडला आणि तो ३६ अंशांवर लावला. पहिला बिघडला तर दुसरा पुरवठा तोडेल. वायरमनला हे जास्तीचं वाटलं, पण ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) मात्र त्याने स्वतःहून सुचवला. पाण्याच्या वाट्या आणि वीज एकाच मांडणीत आहेत, तेव्हा तो हवाच.

मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या, जुन्या फडताळाला असायच्या तशा. डासांची भीती असते, आणि रॉकेलचा वास सापांजवळ नको, म्हणून पाण्यात भरपूर मीठ आणि वरून चमचाभर खोबरेल. अ‍ॅल्युमिनियमला खारं पाणी खातं, त्यामुळे पायांना खाली प्लास्टिकच्या टोप्या आहेत.

घटस्थापनेच्या सुमारास रॅक रिकामाच सुरू केला आणि दहा-बारा दिवस तसाच चालू ठेवला. रोज सकाळी आणि रात्री इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक डब्याचा गरम कोपरा आणि थंड कोपरा मोजून वहीत लिहिला. सगळ्यात वरचा कप्पा खालच्यापेक्षा दीड अंशाने गरम निघाला, कारण खालची ऊब वर चढते. म्हणून नर तिथे, आणि बाय सगळ्यात खाली. गरम टोक ३२, थंड टोक २७ असं स्थिर झाल्यावर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिघांना आत सोडलं. सासूबाईंनी आदल्या दिवशी रॅकलाही झेंडूचं फूल लावलं होतं. त्यांची एकच अट होती: खोलीला बाहेरून कडी हवी. ती लावली आहे.

सोडल्यावर आठवडाभर हात लावला नाही. जागा बदलली की बॉल पायथन खाणं सोडतो, हे ऐकून होते. दोघांनी दुसऱ्या आठवड्यात उंदीर घेतला, बायने नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तोंड फिरवलं. अशा वेळी दर आठवड्याला वजन करायचं. वजन टिकून असेल तर धीर धरायचा, उतरत चाललं तर डॉक्टर गाठायचा. तिचं टिकून होतं, पण त्या दिवसांत मी तिच्या डब्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळा बघत होते.

एकूण खर्च २१ हजारांच्या आसपास: डबे ५,१००, शीट ३,१००, सांगाडा ४,२००, मॅट ४,४००, कंट्रोलर १,४००, वायरिंग आणि आरसीसीबी २,३००, बारीकसारीक सहाशे. थर्मामीटर वगैरे वेगळे. पैसे वाचवायचे असतील तर कप्पे कमी करा, कंट्रोलर आणि आरसीसीबी यांत काटकसर नको.

जानेवारीत पहाटे खोली १९ अंशांवर आली होती. उघड्या बाजूंमुळे थंड टोक २३ पर्यंत उतरलं, म्हणून रात्री मागे एक जाड चादर टाकली, तेवढ्याने २५ झालं. आता एप्रिलपासून मॅट बंद करायच्या आणि दुपारी बारा ते पाच टायमरवर मागून संगणकाचा छोटा पंखा चालवायचा, असं ठरवलं आहे. पंखा आणून ठेवला आहे, वायरमनने शिमगा झाल्यावर येतो म्हणून सांगितलंय.